आईने ट्रक जुंपला

नोवा लुका गावात मान वर करून पाहावं अशा दोनच गोष्टी होत्या. एक चर्चचा हिरवा घुमट आणि दुसरं रुळांशेजारचं गव्हाचं लाल कोठार. युक्रेनहून आलेल्या शेतकऱ्यांचं बाकी सगळं गाव जमिनीला चिकटून बसलेलं. चारही बाजूंना गवत आणि गहू, गहू आणि गवत. वर आभाळ एवढं मोठं, की लहानपणी स्लाव्काला वाटायचं, देवाने आभाळ आधी केलं आणि मग त्याच्या मापाचं खाली काहीतरी हवं म्हणून कॅनडातल्या सास्कॅचवानचा हा माळ अंथरला. रेल्वेवाल्यांनी स्टेशनच्या फळीवर गावाचं नाव चुकीचं रंगवलं होतं, 'नोव्हा ल्यूक' असं. ते बदलून घ्यायला गावाने बरेच अर्ज केले आणि शेवटी नाद सोडला.

स्लाव्का आता ऐंशीच्या पुढे गेली आहे. नातवंडं तिला लहानपणाबद्दल विचारतात तेव्हा ती खूप काही सांगते. बिळात बादलीने पाणी ओतून जमिनीतल्या खारी बाहेर काढायच्या, डबक्यावर बर्फ धरलं की बुटांना चरबी फासून घसरायचं, मालगाडीच्या इंजिनातल्या माणसाने हात केला की दिवसभर ते सांगत सुटायचं. पण कुठूनही सुरुवात झाली तरी ती शेवटी एकावन्न सालच्या सुगीवर येते. तेव्हा ती अकरा वर्षांची होती.

त्या सुगीच्या आदल्या वर्षी तिच्या बाबांनी, प्रोकिपने, ट्रक घेतला होता. जुनाच, हिरव्या रंगाचा, डावं दार तारेने बांधलेलं. बाबा रविवारी तो पुसायचे तसा त्यांनी कधी आपला चेहराही पुसला नसेल. पण ट्रकच्या बदल्यात घरातले दोन तांबडे घोडे गेले. ते घोडे आईने, यावदोखाने, शिंगरं होते तेव्हापासून वाढवलेले. माळावर हिमवादळ उठलेलं असताना लगाम सैल सोडून, घोड्यांच्या भरवशावर, मांडीवर तापलेलं पोर घेऊन ती एकदा घरी आली होती. ते पोर म्हणजे स्लाव्काच. घोडे गेले त्या दिवसापासून आईने ट्रकशी अबोला धरला. चर्चला जाताना नाइलाजाने त्यात बसायची, पण डोळे मिटून आणि ओठांत प्रार्थना पुटपुटत, जणू ट्रक नव्हे, ती स्वतःच कुठेतरी ओढली जाते आहे.

स्लाव्काचं मात्र ट्रकशी जमलं होतं. शेतात पेंढ्या गोळा करताना बाबा सगळ्यांत हळू गिअर टाकून द्यायचे आणि तिला स्टिअरिंगच्या चाकाशी बसवायचे. गुडघ्यांवर बसून ती ट्रक सरळ नेई, आणि आईबाबा दोन्ही बाजूंनी पेंढ्या वर फेकत. एरवी शेजारी बसून ती बाबांचे पाय बघत असे. डावा कधी दबतो, उजवा कधी उचलतो, हे तिला बाराखडीसारखं पाठ झालं होतं.

त्या वर्षी मळणी उशिरा उरकली. घरची कोठारं भरली तरी गहू उरला, म्हणून तो शेतातच उघड्यावर ओतला. घराएवढा ढीग झाला. पिवळाधमक, हात घातला तर कोपरापर्यंत गरम. रुळांकडचं लाल कोठार गाड्या न आल्यामुळे तुडुंब होतं, त्यामुळे सगळ्याच गावाचे असे ढीग शेताशेतांतून उभे होते. त्यातच बाबा घरच्या कोठाराच्या छपरावरचा उचकटलेला पत्रा ठोकायला चढले, शिडी सरकली आणि त्यांचा पाय गुडघ्याखाली मोडला. तालुक्याचे डॉक्टर आले, त्यांनी मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि नाताळापर्यंत पलंग सोडायचा नाही असं बजावून गेले.

त्यानंतर तीनचार दिवसांतच रेल्वेने डबे पाठवले. कोठारवाले टेलफरसाहेब गावातून निरोप फिरवत राहिले, की जागा झाली आहे, जो आधी आणील त्याचा गहू आधी. आणि वारा पूर्वेकडून वाहायला लागला. हंस खालून, घाईघाईने, एकमेकांवर खेकसत दक्षिणेला निघाले होते. उघड्यावरच्या ढिगावर पाऊस आणि मागोमाग बर्फ पडलं, तर गव्हाचा चिखल व्हायला वेळ लागत नाही, हे गावातल्या लहान पोरालाही कळत होतं.

मदतीला कोण येणार? गावातला प्रत्येक पुरुष स्वतःच्या ढिगामागे धावत होता. बाबांचे थोरले भाऊ, हारासिमकाका, येऊन पलंगाच्या कडेवर टोपी न काढता बसले. आपला ढीग होऊ दे, मग जावयाचा होऊ दे, मग बघतो, असं म्हणाले आणि बिटाच्या सुपाचं, बोर्श्चचं, वाडगं संपवून गेले.

"म्हणजे बर्फ पडल्यावर," स्वयंपाकघरात आई चुलीशी म्हणाली. बाबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. दूध काढून झाल्यावर आईने हात पुसले, ओढणी मागे घट्ट बांधली आणि अंगणात कोंबड्यांना दाणे टाकणाऱ्या स्लाव्कापुढे येऊन उभी राहिली.

"तुला ते येतं?"

"काय?"

आईने हनुवटीने ट्रककडे दाखवलं. नाव घ्यायलाही तयार नव्हती.

"शेतात येतं," स्लाव्का म्हणाली. "रस्त्यावर नाही. पाय पोचतात तेव्हा समोरचं दिसत नाही, समोरचं दिसतं तेव्हा पाय पोचत नाहीत."

"माझे पाय पोचतात," आई म्हणाली. "शिकव."

ट्रकमध्ये बसायच्या आधी आईने त्याला एक पूर्ण फेरी मारली. हात त्याच्या अंगावरून फिरवत, मागून जाताना जरा लांबून, नव्या घोड्याभोवती जातात तशी. मग तारेने बांधलेलं दार सोडलं, चढली, आणि चाक असं धरलं की ते उपटून हातात येईल की काय असं स्लाव्काला वाटलं.

पहिल्यांदा ट्रक सुरू झाला आणि बेडकासारखा उडाला. मग बंद पडला. दुसऱ्यांदा उडाला, तिसऱ्यांदा उडाला. कोंबड्या कोठाराच्या छपरावर जाऊन बसल्या. बाबांचा पलंग खिडकीशी लावलेला होता. त्यांनी काठीने खिडकी ढकलून उघडली आणि आतून ओरडायला लागले, "क्लच! अगं क्लच! क्लच सोडतेस कशाला असा!"

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"क्लच म्हणतायत."

"तो कोण?"

स्लाव्काने डावा पाय दाखवला, दाब, सोड, असं सांगून पाहिलं, पण आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. मग ती जरा विचार करून म्हणाली, "आई, डावा पाय दाबलास की घोडे सोडलेस. उचललास की घोडे जुंपलेस. घोडे सुटलेले असताना गिअर बदलायचा, आणि मग जुंपायचे. पण एकदम नाही."

आईने चाकावर थाप मारली.

"मग असं सांगायचं ना. वर्षभर तुझा बाप क्लच क्लच करतोय. आणि एकदम जुंपायचं नाही हे तू मला सांगतेस? ओढ लागण्याआधी घोड्याला खेचलं तर तो उडणारच. हे बिचारं उडतंय, त्यात त्याचा काय दोष?"

ट्रकला आईने 'बिचारं' म्हटलं, हे स्लाव्काने मनात टिपून ठेवलं. त्यानंतर सगळं सोपं झालं. पहिला गिअर म्हणजे पावलापावलाने, दुसरा म्हणजे दुडकी, तिसरा म्हणजे चौखूर. उलटा गिअर म्हणजे 'मागे सर'. उजवा पाय म्हणजे चाबूक, आणि चाबूक आई तसाही फारसा वापरत नसे. खिडकीतून बाबा गाडीच्या भाषेत ओरडत होते, स्लाव्का ते घोड्यांच्या भाषेत आणून आईला सांगत होती, आणि ट्रक अंगणातून शेतात, शेतातून अंगणात पुढे जात होता. एकच घोटाळा झाला. थांबायची वेळ आली तेव्हा आईने सवयीने जिभेने "त्र्रू" केलं आणि ट्रक थांबायची वाट बघत राहिली. ट्रक कोबीच्या वाफ्यात शिरला.

"माझा रेडिएटर!" बाबा कळवळले.

"कोबी माझा आहे," आई खिडकीकडे न बघता म्हणाली. "मी रडत नाही, तू कशाला रडतोस?"

दुपारनंतर त्यांनी ट्रक भरायला घेतला. शेजारची तेक्ल्या फावडं घेऊन आपण होऊन आली. ती विधवा होती, तिचा लहानसा ढीग कुंपणापलीकडेच पडून होता आणि दर वर्षी तो गावात सगळ्यांत शेवटी हलायचा, कारण आधी ज्याचे त्याचे ढीग. तिची जीभ मात्र गावात सगळ्यांत आधी हलायची. ट्रक भरल्यावर तिला घरी जायला सांगितलं, तर ती गव्हावर चढून बसली. म्हणाली, मरायचं असेल तर धान्यावर बसून मरू, उपाशी तर जाणार नाही.

त्यांचं घर गावाच्या टोकाला होतं आणि कोठार दुसऱ्या टोकाला. म्हणजे सगळं गाव ओलांडून जाणं आलं. आई पावलापावलाने निघाली. दुकानदारीणबाई झाडू हातात घेऊन दारात थांबल्या. सुट्टीमुळे मोकळी असलेली शाळेची पोरं कुंपणावरून उतरून ट्रकच्या मागे चालायला लागली, वरातीमागे चालतात तशी. स्लाव्काला एकाच वेळी लपावंसंही वाटत होतं आणि खिडकीतून हात बाहेर काढून सगळ्यांना दाखवावंसंही. तिने हातच बाहेर काढला.

कोठारापाशी ट्रकांची रांग लागली होती. पुरुष उतरून सूर्यफुलाच्या बिया चघळत उभे होते. आईचा ट्रक रांगेला लागला तसं सगळ्यांचं चघळणं थांबलं. मग एकजण दुसऱ्याला मोठ्याने म्हणाला, की प्रोकिपच्या घरी बायका ट्रक हाकतात म्हणजे प्रोकिप आता पिरोगीच्या करंज्या लाटत असेल.

"त्याचा पाय मोडलाय," गव्हावरून तेक्ल्या म्हणाली. "तुझं काय मोडलंय म्हणून तुझी बायको एकटी गुरं बघते?"

तो पुन्हा बिया चघळायला लागला. पण हारासिमकाकांचा ट्रक नेमका आईच्या मागेच येऊन लागला होता. ते उतरले, खिडकीशी आले आणि समजुतीच्या सुरात बोलायला लागले. कोठाराचा चढ म्हणजे चेष्टा नव्हती. कोठारात शिरायला मातीचा उंच उतार केला होता, त्यावर फळ्या टाकलेल्या, दोन्ही बाजूंना कठडे, मध्ये ट्रक कसाबसा मावेल एवढीच वाट. वर गेलं की वजनकाटा. भरलेला ट्रक त्यावर चढवताना मुरलेले गडीही गडबडत. आणि आता पावसाचे बारीक थेंब पडायला लागून फळ्या चकाकत होत्या.

"यावदोखा, उतर आता," काका म्हणाले. "इथवर आणलास, पुष्कळ झालं. चढ मी चढवून देतो. ट्रक मागे आला तर जीव जाईल कुणाचातरी."

आईने समोरून नजर काढली नाही.

"भाऊजी, माझ्या मागे तुमचाच ट्रक आहे ना?"

"हो."

"मग जरा लांब ठेवा."

काकांचा चेहरा लाल झाला. ते परत जाऊन आपल्या ट्रकमध्ये बसले आणि रागाच्या भरात त्यांनी तो लांब नेण्याऐवजी आणखी जवळ आणला. इतका जवळ, की मागच्या आरशात स्लाव्काला त्यांच्या मिशा दिसत होत्या.

आईचा नंबर आला. तिने छातीवर क्रूसाची खूण केली, घोडे सोडले, पहिला गिअर टाकला, घोडे जुंपले, आणि ट्रक चढाला लागला. फळ्या खडखडल्या. समोर आता रस्ता नव्हताच, नुसतं राखाडी आभाळ. अर्धा चढ गेला असेल आणि तेवढ्यात टेलफरसाहेब कोठाराच्या दारातून पळत बाहेर आले, दोन्ही तळवे समोर धरून. काट्यावरच्या ट्रकचं मागचं फळकूट अडकलं होतं. तो हलेपर्यंत आत जागा नव्हती.

आईने ब्रेक दाबला. ट्रक थांबला, पण पूर्ण नाही. आत भरलेल्या गव्हाच्या वजनाने तो वीतभर मागे घसरला आणि मग कण्हत उभा राहिला. वरती तेक्ल्याने सगळ्या संतांना नावं घेऊन बोलवायला सुरुवात केली. खाली पुरुष कठड्यांपासून दूर सरकले. हातब्रेक जुना होता, एकटा काही तो ट्रक धरणार नव्हता. तरी स्लाव्काने दोन्ही पाय समोर टेकवून, दोन्ही हातांनी तो ओढून धरला. आईचा उजवा पाय ब्रेकवर होता. तो ब्रेकवरून काढून चाबकावर ठेवायचा, आणि तेवढ्या क्षणात ट्रक मागे जाऊ द्यायचा नाही, हे स्लाव्काने तिला शिकवलंच नव्हतं. तिला स्वतःलाच ते येत नव्हतं. शेत सपाट होतं.

आतून टेलफरसाहेबांनी हात हलवला. वाट मोकळी झाली होती.

आई मात्र निघाली नाही. ती बसून राहिली. मागून काकांनी भोंगा वाजवला. आईच्या कानावर तो गेलाच नाही. स्लाव्काने तिच्याकडे पाहिलं तर तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. ती ऐकत होती. थंडीत नदीकाठून लाकडांची बिनचाकी स्लेजगाडी वर आणताना मध्येच थांबावं लागलं की ती असंच करायची, घोड्यांच्या श्वासाकडे कान लावून बसायची.

"स्लाव्का," ती म्हणाली, "तो दांडा तुझ्या हातात. मी म्हणेन तेव्हा सोड. आधी नाही."

"हो."

"चढावर घोड्याला मारायचं नसतं. आधी त्याला वजन छातीवर घेऊ द्यायचं."

तिने उजवा पाय झटकन चाबकावर नेला. सगळा ट्रक स्लाव्काच्या मनगटांवर आला, असा की अजून एक क्षण गेला असता तर हात खांद्यातून निघाले असते. त्याच वेळी आईचा डावा पाय हळूहळू वर यायला लागला. इंजिनाचा आवाज जड झाला. ट्रकचं नाक किंचित उचललं गेलं, सगळ्या अंगातून एक शहारा गेला, आणि मागे ओढणारं ते वजन कुठेतरी मध्येच अडलं. ट्रक ना पुढे, ना मागे.

"घेतली ओढ," आई स्वतःशीच म्हणाली. मग मोठ्याने, "सोड."

स्लाव्काने सोडलं. ट्रक बोटभरही मागे गेला नाही. एक क्षण तसाच राहिला आणि मग पुढे झुकून, संथ, पावलापावलाने वर चढत गेला, आभाळातून कोठाराच्या काळोखात, गव्हाच्या धुळीच्या वासात, थेट वजनकाट्यावर. आईने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि नंतर उगाच, बिचाऱ्याला बरं वाटावं म्हणून, तोंडाने "त्र्रू" केलं.

टेलफरसाहेब स्कॉटलंडचे, दिवसाला मोजून दहा शब्द बोलणारे. ते खिडकीशी आले, आईकडे पाहिलं, स्लाव्काकडे पाहिलं, ट्रकमध्ये आणखी कोणी लपलंय का तेही पाहिलं. मग इंग्रजीत विचारलं, प्रोकिप कुठे आहे?

आईला इंग्रजी दुकानापुरतं यायचं. तिने दोन्ही हात चाकावर ठेवले आणि तिच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत म्हणाली, "प्रोकिप घरी. गहू इथे."

टेलफरसाहेब हसले. त्यांना हसताना गावात कुणी पाहिलं नव्हतं. स्लाव्का सांगते, की पुढे कित्येक वर्षं नोवा लुकात कुणी फालतू चौकशी केली की हेच उत्तर मिळायचं, प्रोकिप घरी, गहू इथे.

गहू ओतून आई दुसऱ्या दाराने खाली उतरली, तेव्हा चढावर हारासिमकाका अडकले होते. मागून सगळे बघतायत म्हणून त्यांनी घाई केली होती. ट्रक दोनदा बंद पडला, तिसऱ्यांदा मागे घसरत खाली आला, आणि मागची सगळी रांग भोंगे वाजवत मागे मागे सरकली. आई हसली नाही. तिच्या वाटचं तेक्ल्या हसली.

घरी बाबा खिडकीशी उठून बसले होते. त्यांना तिथून चढ दिसत नव्हता. पण वारा त्या बाजूचा होता आणि आपल्या ट्रकचा आवाज ते शंभर ट्रकांत ओळखत. तो चढाला लागलेला त्यांनी ऐकला, मध्येच थांबलेला ऐकला, आणि मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आई आत आली तेव्हा त्यांनी नुसतं म्हटलं, "दुडकीवर उशिरा जातेस." दुसऱ्या गिअरला ते दुडकी म्हणाले, हे त्यांच्याही ध्यानात आलं नाही. मग जरा वेळाने, भिंतीकडे बघत, "पहिल्या दिवशी त्या चढावर मी तीनदा बंद पाडला होता. गावात कुणाला बोलू नका." आईने त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि बोर्श्च गरम करायला गेली.

पुढचा आठवडाभर आई, स्लाव्का आणि तेक्ल्या गहू वाहत राहिल्या. पाऊस लागला की ढिगावर ताडपत्री, थांबला की फावडी. शाळेच्या बाईंनी स्लाव्काला सुट्टी दिली, आणि एका दुपारी स्वतःही येऊन फावडं मारून गेल्या. ढीग रोज खचत गेला आणि एके दिवशी तिथे नुसती दबलेली जमीन उरली. शेवटचे दाणे स्लाव्काने कोंबड्यांसाठी झाडून घेतले. बाबांना वाटलं आता ट्रक अंगणात येईल. पण आईने कुणाला न विचारता तो कुंपणाच्या फाटकातून तेक्ल्याच्या शेतात वळवला. तेक्ल्या त्या दिवशी पहिल्यांदा गप्प होती.

तेक्ल्याचा गहू संपत आला तेव्हा हारासिमकाका आले. त्यांच्या ट्रकचा आस मोडला होता आणि ढीग अर्धा उरला होता. पश्चिमेकडे आभाळ शिशासारखं झालेलं. या वेळी त्यांनी टोपी काढलेली होती.

"यावदोखा, ट्रक मोकळा आहे का?"

"ट्रक मोकळा आहे. हाकणारीला विचारावं लागेल."

"तेच विचारतोय."

आईने त्यांना थोडं उभं ठेवलं. फार नाही, एक घोट पाणी पिण्यापुरतं. मग म्हणाली, "तुमची दोन फावडी आणा. आमची झिजलीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची शेवटची खेप वर गेली. चढ उतरताना पहिलं बर्फ पडायला लागलं, मोठमोठे, ओले, सावकाश येणारे तुकडे. नोवा लुकाच्या शिवारात त्या दिवशी उघड्यावर एक दाणा नव्हता. आजूबाजूच्या कित्येक गावांना त्या वर्षी असं म्हणता आलं नाही.

ऑक्टोबरात देवमातेचा सण असतो. तो नोवा लुकाचा नव्हे, बऱ्याच मैलांवरच्या सेलिश्चे गावच्या चर्चचा. कामं उरकली असली आणि पुरुषांना जायचं असलं तर बायका जायच्या, नाहीतर घरीच दिवा लावायच्या. त्या वर्षी पुरुष दमले होते. कुणी जायचं नाव काढेना. सणाच्या सकाळी आईने ट्रकच्या मागच्या भागात पेंढा पसरला, चर्चच्या सभागृहातून बाकं आणून ठेवली आणि घरोघर स्लाव्काला पाठवलं. निरोप एवढाच, की ट्रक चाललाय, यायचं तर या.

बायका आल्या. भरतकामाच्या ओढण्या, मांडीवर झाकलेली पातेली, पोरं, एक अंथरुणाला खिळलेली म्हातारी दोघींनी उचलून आणलेली. दुकानदारीणबाई आल्या, त्यांनी दुकानाला कुलूप लावलं होतं. शाळेच्या बाई आल्या, त्या तर या पंथाच्याही नव्हत्या. बाबांना डॉक्टरांचा हुकूम मोडून प्लास्टरसकट पुढे बसवलं होतं आणि त्यांना कुणीतरी मध्ये बोलायची मनाई केली होती. बहुतेक आईनेच.

बर्फ वितळून माळ पुन्हा सोनेरी झाला होता. गाव मागे पडलं तशी मागून तेक्ल्याने एक लग्नाचं गाणं सुरू केलं, सणाला न शोभणारं, आणि सगळ्यांनी ते उचललं. आईने दुडकी सोडून चौखूर टाकला. स्लाव्का बाबांच्या आणि आईच्या मध्ये बसली होती. ओठांवर धूळ, कानांत गाणं आणि समोर नुसता मोकळा रस्ता. आपण कुणाच्या शेजारी बसलोय ते सगळ्या जगाला दिसावं म्हणून ती होती त्याहून उंच बसायचा प्रयत्न करत होती.

सेलिश्चेच्या चर्चसमोर पुरुष सिगारेट ओढत उभे होते. ट्रक थांबला, फळकूट पडलं, आणि त्यातून बायका, पोरं, पातेली उतरायला लागली ती संपेचनात. एकाने विचारलं, तुमचे लोक कुठे आहेत? "हे काय," तेक्ल्या म्हणाली, "लोकच तर उतरतायत."

प्रार्थना झाली, जेवण झालं, नाच झाला. संध्याकाळ व्हायला आली तरी कुणी निघायचं नाव घेईना. बाबा पाय लांब करून कुणाशी तरी गव्हाच्या भावाबद्दल भांडत होते. तेव्हा आई ट्रकमध्ये जाऊन बसली आणि तिने भोंगा वाजवला. आजवर तिने तो एकदाही वाजवला नव्हता. मग तिला तो आवडला असावा, कारण तिने परत वाजवला, आणि परत, आणि सेलिश्चेचं सगळं अंगण हसायला लागलं. नोवा लुकाच्या बायका ओढण्या सावरत, पोरं काखोटीला मारत, धावत ट्रककडे आल्या.